संगणक साक्षरतेची चाचणी कशी काढावी: कामाची यादी ते निकालानंतरची तपासणी

इंदुरात रामबागेतल्या मंडळाच्या सभागृहात, सुदामा नगरातल्या एखाद्या घराच्या खालच्या खोलीत किंवा शाळेच्या लॅबमध्ये जे कुणी ज्येष्ठांना, गृहिणींना, नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना संगणक शिकवतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिकवणं बहुतेकांचं चांगलं असतं. गडबड होते ती शेवटच्या चाचणीत. ‘संगणकाचा मेंदू कोणता?’ अशा प्रश्नांवर भरपूर गुण मिळवलेल्या काकूंना घरी गेल्यावर वीजबिलाची पीडीएफ सापडत नाही. उलट वर्षानुवर्षं दुकानाचे हिशेब संगणकावर ठेवणारे काका नापास होतात, कारण निम्म्या प्रश्नांचे दोन-दोन अर्थ निघत असतात. दोन्हीकडे नुकसान शिकणाऱ्याचं होतं. एकाला खोटा भरवसा मिळतो आणि दुसरा ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणून वर्ग सोडतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे. प्रश्न अवघड असायला हरकत नाही, पण तो अवघडपणा कामातून यावा. वाक्य समजायला अवघड असेल तर आपण संगणक तपासत नाही, वाचकाची सहनशक्ती तपासतो.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट प्रश्न लिहायला बसतात. इथे तो चौथा टप्पा आहे.

आधीची तयारी

चार गोष्टी हाताशी हव्यात. पहिली, एक वही, ज्यात प्रत्येक प्रश्नाचा इतिहास राहील. दुसरी, वर्गात कोण कोणतं उपकरण वापरतं याची नोंद. तिसरी, एक रिकामं ईमेल खातं आणि एक पेन ड्राइव्ह. यांत फक्त सरावाच्या फाइली असतील, कुणाचेही खरे कागद नाहीत. चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि हमखास विसरली जाणारी: वर्गाबाहेरची दोन-तीन माणसं, जी परीक्षेआधी तुमच्यासमोर बसून पेपर सोडवतील. त्यांना आजच विचारून ठेवा.

इशारा: सीपीसीटी (मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी लागणारी संगणक परीक्षा) किंवा सीसीसी (संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची परीक्षा) यांचे जुने पेपर समोर ठेवून आपल्या वर्गाचा पेपर काढू नका. सीपीसीटीत ७५ प्रश्नांना ७५ मिनिटं असतात आणि शिवाय इंग्रजी व हिंदी टायपिंग असतं. सीसीसीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात. हजारो उमेदवारांना एकाच दिवशी मोजण्यासाठी ती रचना आहे. नोकरीसाठी तयारी करणाऱ्या मुलांना तो सराव वेगळा द्या, जरूर द्या. पेन्शनच्या कामासाठी शिकायला आलेल्या आजोबांना त्या घाईचा काही उपयोग नाही.

पायरी १: विषयांची यादी बाजूला ठेवा, कामांची यादी करा

‘हार्डवेअर, सॉफ्टवेअर, इंटरनेट, एमएस वर्ड’ ही विषयांची यादी झाली. तिच्यातून व्याख्यांचेच प्रश्न निघतात. त्याऐवजी वर्गातल्या प्रत्येकाला विचारा: येत्या सहा महिन्यांत संगणकावर किंवा फोनवर तुम्हाला कोणती कामं स्वतः करायची आहेत?

इंदुरात साधारण अशी उत्तरं येतात. वीजबिल शोधून भरणं. महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ ॲपवर तक्रार टाकणं. समग्र आयडीचा, म्हणजे मध्य प्रदेश सरकारने कुटुंबाला आणि सदस्याला दिलेल्या क्रमांकाचा, तपशील काढणं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी जीवन प्रमाणपत्र देणं. अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट बघणं. मुलीच्या नोकरीच्या अर्जाला फोटो आणि सही जोडणं. मंडळाची पत्रिका टाइप करून सगळ्यांना पाठवणं. नातवंडांचे फोटो फोनवरून पेन ड्राइव्हवर घेणं.

आता प्रत्येक कामाखाली लिहा की त्यात नेमकं काय यावं लागतं. अर्जाला फोटो जोडायचा, तर फाइल कुठे साठली हे कळावं लागतं, तिचा आकार आणि प्रकार ओळखता यावा लागतो, आकार कमी करता यावा लागतो आणि चढवलेली फाइल खरंच चढली का ते बघता यावं लागतं. हे चार मुद्दे म्हणजे चार संभाव्य प्रश्न. ‘जेपीजीचं पूर्ण रूप काय’ हा प्रश्न यातून आपोआप गळून पडतो, कारण कोणत्याच कामात तो लागत नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मुद्द्यावर स्वतःला विचारा, ‘हे न येणाऱ्या माणसाचं काय अडेल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर मुद्दा खोडा.

पायरी २: उपकरण, स्क्रीन आणि भाषा ठरवून लिहा

ही पायरी पाच मिनिटांची आहे, पण ती वगळल्यामुळे बिघडलेले पेपर सगळ्यात जास्त. ‘मजकूर कॉपी करण्यासाठी कोणती बटणं दाबाल?’ या प्रश्नाचं विंडोजवर उत्तर कंट्रोल आणि सी. ॲपलच्या संगणकावर कमांड आणि सी. फोनवर असं बटणच नाही, बोट दाबून धरावं लागतं. फोनवरच सगळं शिकलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर तिला कॉपी करता येत नाही असं ठरत नाही.

म्हणून पेपरच्या माथ्यावरच लिहा: ‘प्रश्न १ ते १५ विंडोज संगणकासाठी, १६ ते २५ अँड्रॉइड फोनसाठी.’ ज्या प्रश्नात फरक पडतो, त्या प्रश्नातही पुन्हा लिहा.

भाषेचा गुंता आपल्याकडे जरा जास्तच आहे. घरात मराठी, शाळा आणि बाजार हिंदी, आणि स्क्रीनवर कधी इंग्रजी तर कधी हिंदी. तुम्ही प्रश्नात ‘जतन करा’ लिहिता, कुणाच्या फोनवर ‘सहेजें’ असतं, लॅबच्या संगणकावर ‘सेव्ह’ इंग्रजीत असतं. प्रश्न मराठीत विचारा, पण बटणाचं नाव स्क्रीनवर जसं आणि ज्या लिपीत दिसतं, तसंच अवतरणचिन्हांत द्या. शक्य असेल तिथे त्या भागाचा स्क्रीनशॉट छापा.

पायरी ३: कामाची अवघडता मोजा

सोपे-मध्यम-कठीण अशा ठोकळ्यांनी पेपर भरताना ‘कठीण’ म्हणजे ‘कमी लोकांना माहीत असलेला शब्द’ असा अर्थ धरला जातो. ते चुकीचं आहे. संगणकावरचं काम अवघड होतं ते वेगळ्या कारणांनी: पावलं वाढतात, एकापेक्षा जास्त ॲपमध्ये ये-जा करावी लागते, काय शोधायचं ते थेट सांगितलेलं नसतं, बिनकामाची माहिती बाजूला सारावी लागते, किंवा मध्येच अनपेक्षित अडथळा येतो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांतल्या १६ ते ६५ वर्षांच्या प्रौढांची अशी कौशल्यं तपासली होती. भारत त्यात नव्हता. पातळ्या ठरवताना त्यांनी हेच निकष लावले होते. बहुपावली, अडथळ्यांची कामं करू शकणाऱ्या सर्वात वरच्या पातळीवर जेमतेम ५ टक्के लोक पोचले, आणि सुमारे चौथा हिस्सा लोकांना संगणक वापरताच आला नाही. ही बहुतांश श्रीमंत देशांची स्थिती. आपल्या वर्गातल्या माणसाला तीन पावलांच्या पुढे गोंधळायला होत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे शिक्षकाने मनापासून मानायला हवं. त्याशिवाय नीट पेपर निघत नाही.

एकच विषय घेऊन शिडी कशी चढते ते बघा. सरावाच्या ईमेल खात्यात दोन वर्षांची नमुना वीजबिलं आणि सोबत इतर पन्नासेक मेल टाकून ठेवले आहेत असं धरा.

पहिली पातळी: समोर उघडलेल्या मेलला जोडलेली फाइल डाउनलोड करा. एक पाऊल, बटण समोर.

दुसरी पातळी: खात्यातले वीजबिलाचे सगळे मेल शोधून काढा. इथे शोधाच्या चौकटीत काय टाइप करायचं ते स्वतः ठरवावं लागतं.

तिसरी पातळी: मागच्या वर्षी १ जून ते ३० जून या तारखांना आलेल्या मेलमधल्या बिलाची रक्कम किती? शोध, तारखेची चाळणी, फाइल उघडणं, योग्य आकडा ओळखणं. बिलावर चार-पाच आकडे असतात.

चौथी पातळी: मागच्या वर्षी एप्रिल ते जूनच्या वापराची तीन बिलं आणि त्यानंतरच्या नोव्हेंबर ते जानेवारीच्या वापराची तीन बिलं यांची बेरीज करा; पहिल्या बेरजेपेक्षा दुसरी किती टक्के कमी किंवा जास्त आहे? सहा फाइली, कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल, आणि कुठवर आलो याचं भान.

तिसऱ्या पातळीवर मी तारखा का लिहिल्या? ‘जूनचं बिल’ म्हटलं तर जूनमध्ये आलेलं की जूनच्या वापराचं? जूनमध्ये हातात येतं ते मे महिन्याच्या वापराचं बिल असू शकतं. दोन हुशार माणसं दोन उत्तरं देतील आणि दोघंही बरोबर असतील. पेपर काढणाऱ्याला मात्र वाटेल की प्रश्न कठीण होता. असा खोटा कठीणपणा ओळखायला शिकणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं खरं कसब आहे.

अडथळ्याचे प्रश्न मुद्दाम ठेवा, कारण खऱ्या आयुष्यात माणूस तिथेच थांबतो. आपल्या मंडळांच्या पत्रिका अजून कृतिदेव फाँटमध्ये टाइप होतात. ती फाइल फोनवर पाठवली की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते, कारण कृतिदेव युनिकोड (सगळ्या उपकरणांवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून ठरलेली पद्धत) नाही; फाँट नसेल तर आतली इंग्रजी अक्षरंच उघडी पडतात. ‘अशा वेळी समोरच्याला पत्रिका वाचता यावी म्हणून काय पाठवाल?’ हा उत्तम प्रश्न आहे. पीडीएफ करून पाठवणं किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून पाठवणं, दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा.

तपासा: २५ प्रश्नांच्या पेपरात पहिल्या दोन पातळ्यांचे १५, तिसऱ्याचे ७ आणि चौथ्याचे ३ यापुढे जाऊ नका. पहिला प्रश्न असा ठेवा की तो जवळजवळ सगळ्यांना येईल. हात थरथरत असलेल्या माणसाला त्याची गरज असते.

पायरी ४: प्रश्नाचं वाक्य लिहा

आता लेखणी उचला. प्रत्येक प्रश्नात तीन गोष्टी याव्यात: माणूस कुठे आहे, त्याला काय साधायचं आहे आणि अट कोणती आहे.

बिघडलेला प्रश्न: ‘डिलीट केलेली फाइल कुठे जाते?’ अपेक्षित उत्तर, रिसायकल बिन. पण पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल तिथे जात नाही. शिफ्ट दाबून काढलेली जात नाही. जीमेलमधला मेल तर वेगळ्याच कचरापेटीत ३० दिवस राहतो. ज्याला जास्त कळतं तो इथे जास्त अडकतो.

दुरुस्त प्रश्न: ‘विंडोज संगणकाच्या डेस्कटॉपवरची पत्रिकेची फाइल तुम्ही काल डिलीट बटण दाबून काढली. आज ती परत हवी आहे. सगळ्यात आधी कुठे बघाल?’ वाक्यं तीन झाली, पण अर्थ एकच राहिला. प्रश्न लांब झाला म्हणून घाबरू नका. दोन अर्थांच्या आखूड प्रश्नापेक्षा एका अर्थाचा लांब प्रश्न वाचायला कमी वेळ लागतो.

नकाराबद्दल कडक राहा. ‘खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं नाही?’ असा प्रश्न पेपरात एकही नको. ‘कोणती गोष्ट करू नये?’ हा विचारावाच लागला, विशेषतः फसवणुकीच्या विषयात, तर ‘करू नये’ ठळक छापा. पण त्यातही सरळ वाट असते. ‘एका अनोळखी माणसाने फोन करून सांगितलं, तुमच्या खात्यात पैसे टाकतोय, यूपीआय पिन टाका. तुम्ही काय कराल?’ पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो बरोबर पर्याय उचलेल. नकार वापरण्याची वेळच येत नाही.

मराठीत एक चूक फार सहज होते, ती लिंगाची. ‘कागदावरची माहिती संगणकात घेण्यासाठी कोणता वापरतात? अ) स्क्रीन ब) स्कॅनर क) चिप ड) केबल.’ ‘कोणता’ म्हटल्यावर स्कॅनर सोडून काही बसतच नाही. ज्याने आयुष्यात स्कॅनर पाहिला नाही, तोही उत्तर देईल. ‘कशाचा उपयोग होतो?’ असं विचारा, म्हणजे व्याकरण चुगली करणार नाही.

आणखी दोन सवयी सोडा. ‘वरील सर्व’ हा पर्याय देऊ नका. दोन पर्याय बरोबर आहेत एवढं कळलं की तिसरा न वाचताच खूण होते. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’ हे शब्द तपासून वापरा. संगणकाच्या बाबतीत ‘फक्त’ क्वचितच खरं असतं: फाइल सेव्ह करायला मेन्यू आहे, बटण आहे, कंट्रोल आणि एस आहे, आणि गूगल डॉक्समध्ये तर ती आपोआप सेव्ह होते.

पायरी ५: चुकीचे पर्याय लोकांच्या खऱ्या चुकांमधून घ्या

चौथा पर्याय सुचत नाही म्हणून ‘पंखा’ किंवा ‘टोस्टर’ लिहिणारे पेपर अजून निघतात. त्याचा हिशेब बघा. २५ प्रश्न, चार पर्याय, पासाला १० गुण. काहीही न वाचता खुणा करणारा माणूस पास होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय उघडच फालतू असतील, तर उरलेल्या दोनांत अंदाज मारून पास होण्याची शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. एवढ्या ढिल्या पेपराचं प्रमाणपत्र कुणाच्या उपयोगाचं?

चांगले चुकीचे पर्याय वर्गातच सापडतात. शिकवताना कोण काय चुकतं ते वहीत टिपत जा. फोटोच्या अर्जाचा प्रश्न घेऊ:

‘विंडोज संगणकावर ऑनलाइन अर्ज भरताना सूचना आहे: फोटो जेपीजी प्रकारचा आणि ५० केबीपेक्षा लहान असावा. तुमच्याकडे फोटोची पीएनजी प्रकारची ३ एमबीची फाइल आहे. काय कराल?

अ) फाइलच्या नावातलं शेवटचं पीएनजी खोडून जेपीजी लिहीन.
ब) फोटो पेंटमध्ये उघडून लहान करीन आणि जेपीजी प्रकारात नव्याने सेव्ह करीन.
क) फोटो स्क्रीनवर लहान दिसेपर्यंत झूम कमी करून तसाच चढवीन.
ड) फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून तिथून चढवीन.’

अ, क आणि ड या तिन्ही गोष्टी लोक खरंच करतात. नाव बदललं की प्रकार बदलतो ही समजूत तर भल्याभल्यांची असते. म्हणून कोण कोणता पर्याय निवडतो यावरून पुढच्या तासाला काय शिकवायचं तेही कळतं. ‘स्वतःला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवून परत डाउनलोड करीन’ हा पर्याय इथे का नाही? कारण व्हॉट्सॲप फोटो आकसवतंच. मोठा फोटो त्याने पुरेसा लहान होईल किंवा होणार नाही. अर्धवट बरोबर पर्याय चुकीच्या यादीत घालणं हा अन्याय आहे.

इशारा: बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि सगळ्यात नीट लिहिलेला असू नये. वरच्या उदाहरणात ब जरा लांब आहे. पेपर छापताना बाकीचे तितकेच भरीव करा.

पायरी ६: उत्तरतालिका त्याच आठवड्यात पुन्हा तपासा

जुन्या पुस्तकांतली काही उत्तरं आज चुकीची आहेत आणि त्यातली एक-दोन घातक आहेत.

‘पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असलं की वेबसाइट सुरक्षित’ हे उत्तर ताबडतोब काढून टाका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जाणारी माहिती मधल्यामध्ये कुणाला वाचता येणार नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असू शकतं. हा गैरसमज इतका पसरला होता की सप्टेंबर २०२३ पासून क्रोम ब्राउझरने ते चिन्हच बदललं. ज्या पेपरात हे उत्तर बरोबर धरलं जातं, तो पेपर माणसाला फसायला शिकवतो.

‘पासवर्ड दर महिन्याला बदलावा’ हेही जुनं झालं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने सक्ती करून पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याचा संशय आला की बदला. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात.

‘१ केबी म्हणजे किती बाइट?’ यावर १००० आणि १०२४ दोन्ही उत्तरं वापरात आहेत. १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ साठी किबीबाइट हे वेगळं नाव दिलं, पण विंडोज अजून १०२४ लाच केबी म्हणतं आणि ॲपलचे संगणक २००९ पासून १००० धरतात. असला आकडा विचारूच नका. विचारायचंच तर असं विचारा: ‘दुकानातून ३२ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह आणला. विंडोजवर २९.८ जीबी दिसतं. पेन ड्राइव्ह खराब आहे का?’ नाही, मोजण्याच्या दोन रीतींचा फरक आहे. हे उत्तर ज्याला येतं, तो दुकानदाराशी विनाकारण भांडत नाही.

तपासा: तालिकेतल्या प्रत्येक उत्तरासमोर ‘स्वतः करून पाहिलं’ अशी खूण आणि तारीख घाला. आठवणीवर एकही उत्तर सोडू नका.

पायरी ७: दोन-तीन जणांकडून मोठ्याने सोडवून घ्या

ठरवून ठेवलेल्या माणसांना आता बोलवा. एका वेळी एकच. सांगा, ‘काकू, परीक्षा तुमची नाही, पेपरची आहे. प्रश्न वाचा आणि मनात जे येईल ते मोठ्याने बोलत सोडवा.’ मग तुम्ही गप्प बसा. हे फार जड जातं, पण समजावून सांगण्याचा मोह आवरला नाही तर ही पायरी फुकट जाते.

टिपायचं काय? कुठे वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. कुठे ‘म्हणजे काय म्हणायचंय?’ असं विचारलं. कुठे उत्तर बरोबर आलं पण कारण भलतंच होतं. ‘यातला हाच पर्याय मोठा आहे, म्हणून हाच असेल’ असं वाक्य ऐकलंत, तर पायरी ५ कडे परत जा.

एखादा प्रश्न दोघांनी दोन अर्थांनी घेतला, तर तो पुन्हा लिहा, चर्चा करू नका. परीक्षेच्या दिवशी समजवायला तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी नसाल.

पायरी ८: निदान तीन कामं प्रत्यक्ष करून घ्या

पर्यायांच्या खुणा कितीही चांगल्या असल्या, तरी त्यात पर्याय समोर छापलेला असतो. संगणकासमोर बसल्यावर तो स्वतः शोधावा लागतो. म्हणून लेखी पेपराला जोडून तीन छोटी कामं ठेवा: एक दुसऱ्या पातळीचं, दोन तिसऱ्या पातळीची.

प्रत्येकाची सुरुवात एकाच स्थितीतून झाली पाहिजे. आधीच्या माणसाने डाउनलोड केलेली फाइल पुढच्याला आयती दिसू नये. पेन ड्राइव्हवर मूळ फोल्डर जपून ठेवा आणि दर वेळी त्याची ताजी प्रत उघडा. काम एका चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगू नका. तोंडी सांगताना आपण नकळत वाट दाखवतो.

माउसला हात लावायचा नाही. स्क्रीनकडे बोट दाखवणं हीसुद्धा मदत आहे. माणूस अडकला तर ठरलेल्या वेळेपर्यंत थांबा, मग एक सूचना द्या आणि ती दिल्याची नोंद करा. गुण साधे ठेवा: काम पूर्ण झालं तर ३, एका सूचनेनंतर पूर्ण झालं तर २, पुरं झालं नाही पण वाट योग्य होती तर १. चुकून भलतीकडे गेलेला माणूस स्वतःच परत वळला, तर गुण कापू नका. चूक ओळखून मागे येणं हीच तर साक्षरता.

इशारा: खरं बँक खातं, खरा ओटीपी, खरा आधार किंवा समग्र क्रमांक चाचणीत वापरू नका. समग्रचा प्रश्न काढायचा तर बनावट कार्ड छापा: कुटुंबाचा क्रमांक ८ अंकी, सदस्याचा ९ अंकी. अर्ज ९ अंकी मागतोय, तर यातला कोणता भराल, एवढं विचारणं पुरेसं आहे.

पायरी ९: निकाल लागल्यावर प्रश्नांचे गुण काढा

इथवर फार थोडे येतात. उत्तरपत्रिका गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा. १८ जण असतील तर वरचे ६ आणि खालचे ६ वेगळे काढा. आता प्रत्येक प्रश्न या दोन गटांत कितींना आला ते मोजा.

वरच्या ५ जणांना आला आणि खालच्या २ जणांना आला: प्रश्न नीट काम करतोय. बाराही जणांना आला: सुरुवातीचा प्रश्न म्हणून ठेवा. वरच्या २ जणांना आणि खालच्या ५ जणांना आला: थांबा. जाणकार माणसं चुकतात आणि नवखी बरोबर येतात, याचा अर्थ बहुधा तालिका चुकली आहे किंवा प्रश्नाला दुसरा अर्थ आहे. त्या वरच्या चौघांशी बोला, त्यांनी काय विचार केला ते ऐका. एवढ्या लहान वर्गात आकडे फक्त संशय दाखवतात. निर्णय बोलल्यावरच घ्या.

प्रश्न सदोष निघाला तर तो सगळ्यांच्या पेपरातून काढा आणि २४ पैकी गुण मोजा. तक्रार करणाऱ्याला तेवढा एक गुण वाढवून देण्याची पद्धत बंद करा. जो बोलला नाही, त्याचा गुणही तितकाच त्याचा आहे. निकाल बदलला तर सगळ्यांसमोर कारणासह सांगा, उत्तरपत्रिका परत द्या, आणि वहीत त्या प्रश्नाच्या पानावर मूळ वाक्य, लोकांनी घेतलेला अर्थ आणि नवं वाक्य अशा तीन ओळी लिहा. पुढच्या तुकडीचा पेपर काढताना पायरी १ च्या यादीसोबत हीच पानं आधी उघडा.